ग्राफीन नॅनोरिबनचा शोषण वर्णपट काढताना

एमएस्सीच्या प्रोजेक्टला मी ग्राफीनची (एक अणू जाडीच्या कार्बनच्या थराची) सात अणू रुंदीची आर्मचेअर रिबन घेतली, म्हणजे खुर्चीच्या आकाराची नागमोडी कड असलेली पट्टी; ती कोणता प्रकाश शोषते ते गणिताने काढायचं होतं. रुंदी जेमतेम पाऊण नॅनोमीटर, कडांना हायड्रोजन. 2010 मध्ये स्वित्झर्लंडची एम्पा आणि माइन्ट्सची माक्स प्लांक संस्था यांच्या गटांनी ती सोन्यावर रेणू जोडून बनवली होती. त्यामुळे ताडून बघायला प्रयोगाचे आकडे होते.

डीएफटी (इलेक्ट्रॉनांच्या घनतेवरून ऊर्जा-पातळ्या काढण्याचं गणित) पटकन उरकलं. गॅप, म्हणजे भरलेल्या आणि रिकाम्या पातळ्यांमधलं ऊर्जेचं अंतर, आली 1.6 इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास. डीएफटीत ती कमीच येते, त्यात नवल नाही. दमवलं ते पुढच्या जीडब्ल्यूने (गॅप अधिक अचूक देणारी पद्धत). गणितात रिबन ज्या पेटीत ठेवतात तिच्यातली रिबनभोवतीची मोकळी जागा वाढवली की गॅपही वाढायची, थांबायचं नाव नाही. गणित आवर्ती असल्याने रिबनच्या शेजारी तिच्याच प्रती उभ्या असतात, आणि कूलॉम बलाचा पल्ला लांबचा. या प्रती एकमेकींचं स्क्रीनिंग करत राहतात, म्हणजे एकमेकींमधला प्रभार झाकतात, आणि गॅप कमी दिसते. पेटी फुगवत बसलात तर क्लस्टरवरची मेमरी आधी संपते. याम्बो या सॉफ्टवेअरच्या इनपुट फाइलमध्ये कूलॉम कटऑफचा (हे बल ठरावीक अंतरापुढे तोडण्याचा) आकार आणि मापं दिली, तेव्हा कुठे गॅप 3.8 च्या जवळ बसली.

पण सोन्यावर एसटीएमने (अणू दाखवणाऱ्या सूक्ष्मदर्शकाने) मोजलेली गॅप 2.3-2.4! इथे मी बराच अडलो. गाइड सरांनी एकच विचारलं, "तुझ्या गणितात सोनं कुठंय?" इलेक्ट्रॉन घातला किंवा काढला की खालचा धातू त्या प्रभाराला झाकतो, म्हणून गॅप आकसते.

प्रकाशाचं प्रकरण निराळं. प्रकाशाने उडालेला इलेक्ट्रॉन आणि मागे राहिलेली रिकामी जागा (होल) यांचं आकर्षण धरणारं बेथे-साल्पीटर समीकरण सोडवल्यावर शोषणाचं पहिलं शिखर 1.9 ला आलं. 2014 मध्ये सोन्यावर मोजलेलं 2.1 ला आहे. माझ्या गणितातल्या, सोनं नसलेल्या रिबनमध्ये 3.8 वजा 1.9, म्हणजे इलेक्ट्रॉन-होल जोडीची बंधन-ऊर्जा दोनच्या घरात. सिलिकॉनमध्ये ती 0.015 असते, यावरून कल्पना यावी. ही जोडी, म्हणजे एक्सायटॉन, एकूण उदासीन असते. सोन्यामुळे गॅप जितकी घटते जवळपास तितकीच बंधन-ऊर्जाही घटते, म्हणून शिखर फारसं हलत नाही. मला तरी सगळ्या प्रोजेक्टमध्ये हीच गोष्ट सर्वांत सुंदर वाटली.

ध्रुवीकरणाचे दोन आलेख मात्र जरूर काढा. रिबनच्या लांबीला समांतर प्रकाशाला ठसठशीत शिखरं, आडव्या प्रकाशाला त्या भागात रेघ जवळजवळ सपाट. लोकल फील्ड (रिबनमध्ये सरकलेल्या प्रभाराने तयार होणारं क्षेत्र) वगळून गणित केलंत तर आडवं शोषण उगाच मोठं दिसतं.

आणि सुरुवातीलाच आठ अणूंची रिबन घेऊ नका. एकाच अणूचा फरक, पण रुंदीनुसार पडणाऱ्या रिबनच्या तीन कुळांपैकी त्या कुळात गॅप सर्वांत लहान असते आणि के-पॉइंट्स (इलेक्ट्रॉनांच्या संवेगाचे गणितात घ्यायचे बिंदू) फार दाट लागतात.