हळदीकुंकवानंतरचा सिनेमा

आमच्या महिला मंडळाचा वार्षिक मेळावा संक्रांत ते रथसप्तमीच्या दरम्यान व्हायचा. तिळगूळ, वाण, उखाणे, संगीत खुर्ची, भेळ. पुढे कुणीतरी सुचवलं, शेवटी एखादा सिनेमा लावू. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘देवराई’ची सीडी आली. अतुल कुलकर्णींनी साकारलेला, स्किझोफ्रेनियानं ग्रासलेला शेष पाहून झाला, दिवे लागले, तरी कुणी उठेना. मग मागच्या रांगेतल्या एक बाई स्वतःच्या भावाबद्दल बोलू लागल्या. ‘बाहेरचं झालंय’ म्हणत घरच्यांनी त्याला कुठे कुठे फिरवलं होतं, ते सगळं. वर्षानुवर्षं शेजारी बसून आम्हाला त्यातलं काही ठाऊक नव्हतं.

तेव्हापासून मेळाव्यात भावे-सुकथनकरांचा सिनेमा ठरलेलाच.

सुमित्राताईंची वाट मला फार मोलाची वाटते. त्या मूळच्या समाजकार्याच्या शिक्षिका. सिनेमाचं शिक्षण घेतलेलं नव्हतं. वस्तीतल्या बायकांच्या जगण्यावर संशोधन करताना त्यांच्या लक्षात आलं, की ज्यांच्याबद्दल लिहितोय त्यांनाच हे वाचता येणार नाही. म्हणून 1985 मध्ये ‘बाई’ हा लघुपट केला. त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मग ‘पाणी’, पुढे ‘दोघी’, ‘दहावी फ’, ‘वास्तुपुरुष’. मोठ्या बॅनरची वाट न पाहता, मिळेल तिथून पैसा उभा करत हे काम चाललं, आणि 2016 च्या राष्ट्रीय पुरस्कारांत ‘कासव’ला सुवर्णकमळ मिळालं. त्यानंतरच्या मेळाव्यात आम्ही पेढे वाटले. घरातल्याच कुणाचं कौतुक झाल्यासारखं वाटत होतं.

सर्वांत लांबलेली चर्चा मात्र ‘अस्तु’ची. स्मृतिभ्रंश झालेले संस्कृतचे पंडित, म्हणजे मोहन आगाशे, हत्तीच्या मागे चालत जातात आणि माहुताच्या कुटुंबात विसावतात. अमृता सुभाषची चन्नम्मा त्यांना लेकरासारखं सांभाळते. ‘पोटच्या मुलींना जे जड जातं ते हिला कसं जमतं?’ यावर दोन तट पडले. एकीनं ठणकावलं, ‘तिला चार दिवस करायचंय, मुलींना जन्मभर!’ सासूबाईंचं सगळं करणारी सून होती ती; तिला कुणी अडवलं नाही. मला आजही तिचंच पटतं.

19 एप्रिल 2021 ला सुमित्राताई गेल्या. त्यानंतर मेळावा पुन्हा भरला तेव्हा त्यांचा शेवटचा सिनेमा ‘दिठी’ लावला. दि. बा. मोकाशींच्या कथेवरचा. मुलगा गमावलेला वारकरी रामजी लोहार, किशोर कदमांचा, आणि अडलेली गाय. आमच्यात गोठा सांभाळलेल्या बायका बऱ्याच. सिनेमा संपताच अडलेल्या गाईला कसं सोडवायचं, हात कधी घालायचा, यावर त्या तावातावानं बोलू लागल्या, आणि शहरातून आलेल्या सुना खुर्च्या ओढून त्यांच्याभोवती बसल्या.