पिकासातली नावं सोडवताना: निपाणी झाली, चित्ररथ राहिला

पिकासा या गुगलच्या जुन्या फोटो-प्रोग्राममध्ये चेहऱ्यांना दिलेली नावं सोडवून फोटोंतच लिहून ठेवायची, हे काम चालू आहे. आधी कुठवर आलोय ते. घरच्या फोल्डरांमधली चेहऱ्यांची नावं फोटोंत उतरली. निपाणीच्या आत्याकडची हार्डडिस्कही होत आली. राहिलाय तो गल्लीतल्या मंडळाचा शिवजयंतीचा गठ्ठा, आणि सगळ्यात किचकट तोच आहे.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात. गुगलने १५ मार्च २०१६ ला डेस्कटॉपवरच्या पिकासाचं काम थांबवलं, शेवटची आवृत्ती ३.९. ती आजही माझ्या विंडोज ११ वर उघडते. नकाशे मेले, वेब अल्बम गेले, पण चेहरे ओळखायचं काम आपल्याच संगणकावर होत असल्यामुळे ते चालू आहे. म्हणून आमच्यातले बरेच जण म्हणतात, चालतंय की, कशाला हात लावायचा?

हात लावायचा तो नावांसाठी. फोटोंच्या चार प्रती कुठेही निघतात. पण २००९ साली ३.५ आवृत्तीत चेहरे ओळखणं आलं तेव्हापासून घराघरात रात्री बसून जी नावं घातली, ती फोटोत नाहीतच. ती असतात प्रत्येक फोल्डरमधल्या ‘पिकासा.आयएनआय’ या लपवलेल्या फाइलीत (नावाच्या आधी टिंब) आणि विंडोजच्या यूजर फोल्डरात खोल दडलेल्या ‘कॉन्टॅक्ट्स.एक्सएमएल’मध्ये. अख्खं फोल्डर कॉपी केलं तर आयएनआय सोबत जाते. फोल्डर उघडून आतले सगळे फोटो सिलेक्ट करून कॉपी केले आणि लपवलेल्या फाइली दिसत नसल्या, तर ती मागेच राहते. आत्याचा जुना संगणक दुरुस्तीला गेला होता तेव्हा दुकानदाराने नेमकं हेच केलं. फोटो सगळे आले, नावं गेली. नशीब म्हणजे आतेभावाने त्याआधी एकदा पूर्ण फोल्डर हार्डडिस्कवर उतरवून ठेवलं होतं.

आता कृती. मूळ संगणक आणि पिकासा दोन्ही शाबूत असतील तर सोपं आहे. टूल्समध्ये ‘एक्सपेरिमेंटल’खाली चेहरे एक्सएमपीत (फोटोच्या फाइलीतच माहिती लिहायची पद्धत) लिहायची सोय आहे, ती चालवा. नावं थेट जेपेगच्या पोटात जातात. ऑप्शन्समध्ये नावं फोटोत साठवायची खूणही आहे, ती नव्याने घातलेल्या नावांसाठी करून ठेवा. आधी बॅकअप घ्या, कारण हे फाइलीतच लिहितं.

पिकासा उरलाच नसेल, नुसत्या आयएनआय असतील, तर एक्झिफटूल, म्हणजे फोटोतली माहिती वाचणारं-लिहिणारं फुकट साधन. त्याच्यासोबत पिकासाचे चेहरे बदलून देणारी कॉन्फिग फाइल येते. ती काय करते हे एकदा हाताने करून बघण्यासारखं आहे. आयएनआयमध्ये चेहऱ्याची चौकट ‘रेक्ट६४’ म्हणून लिहिलेली असते, कंसात सोळा हेक्स अंक (० ते ९ आणि ए ते एफ). समजा ते ४०००२०००सी०००ए००० असे आहेत. चार-चारचे तुकडे पाडा: डावी कड, वरची, उजवी, खालची. प्रत्येकाला ६५५३५ ने भागलं की साधारण ०.२५, ०.१२५, ०.७५, ०.६२५ मिळतं. म्हणजे फोटोच्या रुंदीच्या पावपासून पाऊणपर्यंत चेहरा. मी आता वापरतोय त्या डिजीकॅम या फुकट फोटो-प्रोग्रामला जी पद्धत वाचता येते तिच्यात मात्र कडा नसतात, चौकटीचा मध्य आणि लांबी-रुंदी असते. म्हणून वरच्याचं होतं मध्य ०.५ आणि ०.३७५, रुंदी-उंची दोन्ही ०.५.

खोच एकच आहे. पिकासा सुरुवातीची शून्यं लिहीत नाही. चेहरा अगदी डाव्या कडेला असला तर सोळाऐवजी पंधरा किंवा चौदाच अंक दिसतात. स्वतः स्क्रिप्ट लिहीत असाल तर डावीकडे शून्यं भरून सोळा करा, नाहीतर ग्रुप फोटोत डावीकडे उभा असलेल्या माणसाचं नाव कुठल्यातरी भिंतीला चिकटतं. (आमच्याकडे त्या जागी कायम लाजणारे काका उभे असतात, त्यामुळे ही खोच फार महत्त्वाची.) चौकटीपुढे त्या माणसाचा ओळखक्रमांक असतो; तो सोळाच्या सोळा ‘एफ’ दिसला तर तो चेहरा बिननावाचा, सोडून द्या.

मग डिजीकॅममध्ये मेटाडेटाच्या सेटिंगात चेहऱ्यांच्या टॅगची खूण करून फाइलींतून मेटाडेटा पुन्हा वाचायला लावायचा. डावीकडे माणसांची यादी येते. नावं देवनागरीत नीट आली. शेजारच्या काकूंच्या मुलाने कन्नडमध्ये घातलेली नावंही एकही अक्षर न बिघडता आली.

खरी गंमत पुढे. दोन घरांची यादी एकत्र केली तेव्हा माणसं दुप्पट झाली. आमच्याकडचा ‘काका’ निपाणीच्या डिस्कमध्ये ‘मामा’ आहे, आणि आजोबांना एका घरात ‘तात्या’, दुसऱ्यात ‘अण्णा’. मुलींचं तर वेगळंच. लग्नाआधीच्या फोटोंत माहेरचं नाव, नंतरच्यांत सासरचं, आणि खानापूरकडे दिलेल्या बहिणीचं तर पाळण्यातलं नावही बदललेलं. चेहरा तोच असला तरी पिकासासाठी त्या दोन बायका. मी ठरवलंय ते असं: टॅगमध्ये पूर्ण नाव आणि पुढे गाव किंवा गल्ली, कारण एकाच नावाचे दोघे-तिघे आहेतच. माहेरचं आडनाव डॅश देऊन सोबत. काका-मामा काढून टाकायचे. हे आईला पटलेलं नाही. तिच्या मते ‘मोठी आक्का’ एवढं लिहिलं की पुरे, कोण ते सगळ्यांना माहीत आहे. सगळ्यांना म्हणजे तिच्या पिढीला! म्हणून नाव माझ्या पद्धतीने आणि नातं कॅप्शनमध्ये, अशी तडजोड झाली. दुपारच्या चहानंतर ती शेजारी बसते, मी चेहरे मोठे करून दाखवतो, ती गाव-गल्लीसकट सांगते. हा वेग कुठल्याच सॉफ्टवेअरला नाही.

केलेल्या एडिटिंगबद्दल फार जीव टाकू नका. तीही आयएनआयमध्येच असते, ‘आय एम फीलिंग लकी’ (एका दाबात फोटो सुधारायचं बटण) दाबलेलं तिथे ‘एनहान्स=१’ एवढंच दिसतं. डिजीकॅमला ती भाषा कळत नाही. तारा दिलेले फोटो तेवढे पिकासातून एक्सपोर्ट करून घेतले, बाकी मूळ रूपात राहू दिले. ‘फिल लाइट’ची पट्टी मात्र आठवते. मंडपात पाठीमागे ट्यूबलाइट आणि नवरा-नवरी काळी, अशा फोटोंना तिने जितकं तारलं तितकं नंतर कशानेच तारलं नाही.

आता चित्ररथ. बेळगावात शिवजयंती वैशाखात, आणि तिच्या मिरवणुकीत रात्रभर सजीव देखावे. फोटो सगळे रात्रीचे, पिवळ्या-निळ्या दिव्यांतले. त्यात भगवा फेटा, चिकटवलेली दाढी, कपाळी गंध. पिकासाने फेटेवाले सगळे मावळे एका माणसाच्या नावावर गोळा केलेत. त्यात मंडळातल्या कुणीतरी ‘महाराज’ असा टॅग केला आहे, त्याखाली दरवर्षीचा वेगळा मुलगा बसलाय घोड्यावर. डिजीकॅमच्या ओळखीवर सोडलं तर तोही तसाच फसतो, म्हणून इथे ऑटोमॅटिक बंद ठेवलंय.

वर्षावार पत्रकं करून त्या त्या साली देखाव्यात कोण होतं हे मंडळाच्या जुन्या लोकांकडून लिहून घेतोय. काही मुलं पुण्याला गेली, काही गोव्यात कामाला आहेत. नरगुंदकर भावे चौकातले फोटो आधी घेतलेत, तिथे उजेड बरा असायचा आणि चेहरे ओळखू येतात. अल्बमच्या ‘पाल’ फाइली त्यानंतर बघेन. आत्याची उरलेली दोन फोल्डरं आतेभाऊ दिवाळीला येताना आणतोय, लपवलेल्या फाइली दिसतील असं सेटिंग करूनच कॉपी कर म्हणून त्याला सांगून ठेवलंय.