मोबाईल काढून घेऊन पाहिलात का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. काढून घेतला होता. टॅबसुद्धा, टीव्हीसुद्धा. पाच आठवडे.

माझ्या मुलाला एडीएचडी आहे, म्हणजे लक्ष हवं तिथे टिकवणं त्याला जमत नाही, हे कळलं की लोक हेच विचारतात. हा प्रश्न मला शाळेच्या फाटकापाशी विचारलाय, लिफ्टमध्ये विचारलाय, एकदा तर दंतवैद्याच्या खुर्चीत, तोंड उघडं असताना. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये सांगितलंय, वर्षाच्या आतल्या बाळाला स्क्रीन नकोच, दोन ते चार वर्षांच्या मुलांना जास्तीत जास्त एक तास. वाचलंय मी ते. पण माझा मुलगा त्याआधीच नऊ महिन्यांचा होऊन गेला होता आणि मी त्याच्यापुढे मोबाईल धरून त्याला भरवत होते. नजर हलायची नाही, तोंड आपोआप उघडायचं, वाटी रिकामी व्हायची. त्या रिकाम्या वाटीचा मला अभिमान वाटायचा. घ्या, हेही सांगून टाकलं.

तर ते पाच आठवडे. मुलगा आठ वर्षांचा, टॅब कपाटात, किल्ली माझ्या पर्समध्ये. झोप सुधारली, हे खरं. सोळाव्या की सतराव्या दिवशी भागाकाराची पाच गणितं घेऊन आम्ही साडेसहाला बसलो. साडेसात वाजले तरी पहिलंच गणित, तेही मांडून ठेवलेलं फक्त. खोडरबराचे नखानं तुकडे केलेले आणि ते वहीच्या रेघेवर ओळीनं लावलेले, लहान ते मोठा. "पुढे बघ," असं मी सहा-सात वेळा शांतपणे म्हटलं. मग मीच वही उचलून भिंतीवर फेकली.

तो रडला नाही. खाली बसून तुकडे वेचायला लागला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "आता तर टॅबपण नाहीये. मग माझं काय चुकतंय?"

टॅबमुळे तुझं डोकं बिघडलंय, हे त्याला आम्हीच रोज ऐकवत होतो. टॅब कपाटात गेला आणि सगळा दोष त्याच्या एकट्याच्या अंगावर आला. मी तुकडे वेचू लागले. तेवढंच सुचलं.

पुढे निदान झालं, एडीएचडी. डॉक्टरांनी लक्षणं घरी आणि शाळेत दोन्हीकडे आहेत का, किती महिन्यांपासून आहेत, सगळं विचारलं. यात अनुवंशिकतेचा वाटा ७० ते ८० टक्क्यांच्या आसपास धरतात, म्हणाले. तोवर नवरा खुर्चीतून उठून खिडकीची कडी नीट लागते का बघत होता.

मग मला एक हत्यार मिळालं. १९०२ साली लंडनमध्ये जॉर्ज स्टिल या डॉक्टरांनी आपल्या व्याख्यानांत लक्ष न टिकणाऱ्या मुलांचं वर्णन केलं होतं, तेव्हा कुठला हो मोबाईल? हे मी बऱ्याच जणांच्या तोंडावर फेकलंय. घरी आल्यावर मलाच ते पोकळ वाटतं. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या अडीच हजारांवर किशोरवयीन मुलांचा अभ्यास आला. सुरुवातीला लक्षणं नसलेली मुलं, दोन वर्षं पाहणी. डिजिटल माध्यमं जास्त वापरणाऱ्यांमध्ये लक्षणं थोडी जास्त दिसली. संबंध दिसला, कारण सिद्ध झालं नाही. हे वाक्य मला पाठ आहे. रात्री दोन वाजता ते पुरत नाही.

"पण व्हिडिओ बघताना तासभर हलत नाही की!" हो. त्याला लक्ष नाही असं नाहीच, ते हवं तिथे वळवता येत नाही. व्हिडिओ ते स्वतःच ओढून घेतो, भागाकार नाही. मग अशी मुलं स्क्रीनकडे जातात, की स्क्रीन त्यांना तशी करते? दोन्ही थोडंथोडं असेल. माझं मत महिन्यातून दोनदा बदलतं.

परवा धाकटी बहीण तिच्या बाळाला भरवत होती, मोबाईल पुढे उभा करून. मी गप्प बसायचं ठरवलं होतं. नाही बसवलं. "नको गं ते दाखवूस," म्हटलं.

तिनं वर बघितलं. "म्हणजे ताई, त्याचं त्यामुळेच झालं ना?"

मी वाटी घेऊन आत गेले. अर्धी भरलेली होती.