मेकनमधलं मोठं घर

अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात अटलांटाहून हायवेने दक्षिणेला निघालं की दीडेक तासात मेकन येतं. शेजारी दादा बसला होता, महिनाभरासाठी सांगलीहून माझ्याकडे आलेला. आयुष्यभर त्याने तबला शिकवला, रॉक मात्र कधी कानाआड जाऊ दिलं नाही. मी मुद्दाम, एकेकाळी मेकनमध्येच राहिलेल्या ऑलमन ब्रदर्स या रॉक बँडचं 'व्हिपिंग पोस्ट' हे गाणं लावलं. मार्च १९७१मध्ये न्यूयॉर्कच्या फिलमोर ईस्ट सभागृहात वाजवलेलं, तेवीस मिनिटांचं.

बास गिटार सुरू झाली आणि दादाचा हात मांडीवर गेला. "थांब, मागे घे जरा." तीन, तीन, तीन, दोन. "अगं, अकरा मात्रा! रुद्र तालाएवढ्या!"

हे गाणं लिहिणाऱ्या ग्रेग ऑलमनने मात्रा मोजल्याच नव्हत्या. त्याला तीनाचे तीन गट आणि पुढच्या फेरीत उडी घ्यायला दोन, एवढंच जाणवलं होतं. अकराचा हिशेब थोरल्या भावाने, ड्वेनने, नंतर समजावला. हे ऐकून दादा खूश झाला. "थोरला भाऊ असतो कशाला?" मग त्यानेच आवाज वाढवला.

व्हाइनव्हिल ॲव्हेन्यूवरचं 'द बिग हाउस' लांबूनच ओळखू येतं. तीन मजली, उतरत्या छपरांचं जुनं घर. १९७० ते १९७३ या काळात बँडमधली मंडळी, त्यांच्या बायका, लहान मुलं इथे एकत्र राहिली. २००९पासून इथे संग्रहालय आहे. काचेआडच्या गिटारींपेक्षा माझा पाय स्वयंपाकघरात अडकला. बँडचा गिटारवादक डिकी बेट्सने 'रॅम्बलिन मॅन' हे गाणं इथे बसून पहाटे पुरं केलं. १९७३मध्ये ते अमेरिकेच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर पोचलं. खोली अगदी साधी आहे, ओटा आणि खिडकीतून येणारं ऊन. इतकी माणसं एका घरात जेवत-झोपत असतील, तर मंचावर कोण कुठे वळणार हे डोळ्यांनी विचारावं लागत नसणार. माझ्या मते त्यांच्या लांबलचक वादनाचं मूळ या ओट्याशी आहे.

मार्च १९६९मध्ये फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलला सहा जण जमले: ड्वेन, ग्रेग, डिकी, बासवर बेरी ओकली आणि दोन ड्रमवादक, बुच ट्रक्स आणि जेमो. जेमो कृष्णवर्णीय, बाकीचे गोरे. त्या काळच्या दक्षिणेत असा बँड घेऊन गावोगाव फिरणं सोपं नव्हतं. जेमो जॅझमध्ये मुरलेला. त्याच्यामुळे सगळे माइल्स डेव्हिस आणि कोल्ट्रेन ऐकू लागले. एकाच सुरावटीत राहून तिचा विस्तार करायचा, ही ओढ तिथून आली. दादाने दोन ड्रमांचं कोडं गाडीतच सोडवलं होतं. "एक ठेका धरतोय, दुसरा साथ करतोय. दोघं भांडत नाहीत बघ."

ड्वेन स्लाइड गिटार, म्हणजे बोटातली नळी तारांवर सरकवून वाजवायची गिटार, वाजवायचा ती औषधाच्या गोळ्यांच्या रिकाम्या बाटलीने. सर्दीने अंथरुणात पडला असताना ग्रेगने वाढदिवसाला त्याला एक रेकॉर्ड आणि गोळ्या आणून दिल्या. त्याने गोळ्या ओतून टाकल्या, लेबल धुतलं आणि काचेची बाटली बोटात चढवली. मींडीसाठी काच! दादा स्वतःच्या बोटाकडे बघत राहिला.

दुपारी 'एच अँड एच'मध्ये जेवलो. खिशात पैसे नसताना ही पोरं दोन ताटं मागवून सगळ्यांत वाटून खायची. हॉटेल चालवणाऱ्या मामा लुईजने ते पाहिलं आणि सगळ्यांना जेवू घातलं. पुढे बँड तिला दौऱ्यावरही घेऊन गेला. दादाने तळलेली भेंडी दोनदा मागवली.

२९ ऑक्टोबर १९७१ला याच गावात मोटरसायकलच्या अपघातात ड्वेन गेला. वय २४. वर्षभराने, ११ नोव्हेंबर १९७२ला, बेरी ओकलीही मोटरसायकलवरच गेला, त्या जागेपासून जेमतेम तीन चौकांवर. तोही २४चाच. आम्ही त्या रस्त्यांवरून हळू गेलो. शांत वस्ती, झाडं, घरांपुढे गवत. दादाने गाणं बंद करायला सांगितलं.

उरलेल्यांनी वाजवणं सोडलं नाही. जुलै १९७३मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या वॉटकिन्स ग्लेनला 'ग्रेटफुल डेड' आणि 'द बँड' या दोन रॉक बँडसोबत त्यांना ऐकायला सहा लाखांच्या आसपास माणसं जमली. पुढे दोनदा फाटाफूट झाली, १९८९मध्ये पुन्हा जमले. १९९९मध्ये बुचचा पुतण्या डेरेक ट्रक्स स्लाइडवर आला. हा मुलगा कॅलिफोर्नियात उस्ताद अली अकबर खाँच्या कॉलेजात सरोद शिकलेला. "मग बरोबर," एवढंच दादा म्हणाला. त्यांची शेवटची मैफल २८ ऑक्टोबर २०१४ला न्यूयॉर्कच्या बीकन थिएटरात सुरू झाली आणि मध्यरात्र उलटल्यावर संपली. म्हणजे तारीख २९ लागली होती, ड्वेन गेला तीच.

शेवटी रोझ हिल. ओकमल्गी नदीच्या काठावर उतारावरची १८४०ची दफनभूमी. तरुणपणी ही मंडळी इथेच येऊन बसायची. एलिझाबेथ रीड हे नाव डिकीला इथल्याच एका थडग्यावर सापडलं आणि त्याच्या सुंदर वाद्यरचनेला मिळालं. खाली ड्वेन आणि बेरी शेजारी शेजारी आहेत. २०१७मध्ये ग्रेगही इथेच, थोरल्या भावाजवळ आला.

दादाने चपला काढल्या. कुंपणापाशी तो बराच वेळ काही न बोलता उभा होता. नदीकाठच्या रुळांवरून मालगाडी गेली, तिचा आवाज संपेपर्यंत आम्ही थांबलो. मग बघते तर त्याची बोटं कुंपणाच्या लोखंडी दांड्यावर हळू चालत होती: तीन, तीन, तीन, दोन.