हक्कसोडीचा कागद आणि कित्तूरची राणी

बेळगावच्या चन्नम्मा चौकातून जाताना मला अलीकडे राणीची तलवार आठवत नाही, तिचा वारसा-वाद आठवतो. तिचे माहेर काकती, म्हणजे शहरापासून हाकेच्या अंतरावर. तिच्या शौर्यावर इथे मराठी आणि कन्नड दोन्ही भाषांत भरभरून बोलले जाते, पण भांडण कशावरून पेटले हे मात्र ओझरते सांगितले जाते. 1824 साली कित्तूरच्या गादीला औरस वारस उरला नाही, तेव्हा दत्तक घेतलेल्या शिवलिंगप्पाला धारवाडचा कलेक्टर थॅकरे याने मान्यता दिली नाही. त्याच वर्षीच्या 23 ऑक्टोबरच्या लढाईत थॅकरे मारला गेला. डिसेंबरमध्ये किल्ला पडला आणि राणीने उरलेली वर्षे बैलहोंगलच्या कैदेत काढली. दत्तक वारस नाकारून संस्थाने खालसा करण्यासाठी ज्याचे नाव घेतले जाते, तो डलहौसी गव्हर्नर जनरल होऊन आला तो त्यानंतर 24 वर्षांनी. अर्थात तिचा लढा स्त्रियांच्या हक्कांसाठी होता असे म्हणणे ओढूनताणून होईल, कारण जो वारस नाकारला गेला तोही मुलगाच होता.

मुलीच्या वाट्याची गोष्ट आमच्या घरात फार उशिरा आली. माझ्या आत्याचे लग्न 1986 साली झाले. वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत मुलीला मुलाइतका जन्मसिद्ध हक्क देणारी दुरुस्ती कर्नाटकात 1994 साली लागू झाली, पण त्याआधी लग्न झालेल्या मुलींना तिने वगळले होते. म्हणजे आत्याचा दोष एवढाच की तिचे लग्न वेळेवर झाले. 9 सप्टेंबर 2005 पासून लागू झालेल्या केंद्रीय दुरुस्तीने ही अट काढून टाकली. आजोबा 2009 साली गेले, तेव्हा कायद्याने आत्याचा वाटा माझ्या वडिलांइतकाच होता.

पुढच्याच वर्षी तिने हक्कसोडपत्रावर सही केली. कागद कानडीत होता आणि आत्या मराठी चौथीपर्यंत शिकलेली. कागद लिहिणाऱ्याने, ‘जमीन भावाच्या नावावर करायची आहे,’ एवढे एकच वाक्य मराठीत सांगितले. कोणी दमदाटी केली नाही. आमच्याकडे तशी गरज पडत नाही, कारण वाटा मागितला तर माहेर तुटते हे मुलीला लहानपणापासून ठाऊक असते. त्या दिवशी तिला साडीचोळी मिळाली आणि घरात पुरणपोळी झाली. मी तेव्हा पदवीच्या वर्गात होतो, कायदा मला वाचता येत होता, आणि मी पुरणपोळी खाल्ली.

यंदा भाऊबिजेला आत्या आली तेव्हा मी तिला जुन्या नोंदींच्या नकला दाखवल्या. आजोबांच्या पश्चात वारसा नोंद झाली त्या वेळी तिचे नाव उताऱ्यावर चढले होते आणि हक्कसोडीनंतर ते कमी झाले. मधले अंतर सात महिन्यांचे. तिने चष्मा लावून कानडी अक्षरांतली ती ओळ बराच वेळ न्याहाळली आणि विचारले, ‘यात माझे नाव नेमके कुठले?’ मी बोट ठेवून दाखवले.