चेंडू सोडून माणसावर

१२ डिसेंबर २०१५, शनिवार. चेन्नईचा 'घरचा' उपांत्य सामना पुण्यात, बालेवाडीला होता. डिसेंबर उजाडता उजाडता चेन्नई पाण्याखाली गेली होती. तिथे सामना घेणं शक्यच नव्हतं, म्हणून इंडियन सुपर लीगच्या उपांत्य फेरीतला चेन्नईयिन विरुद्ध ॲटलेटिको दि कोलकाता हा पहिला सामना आमच्या गळ्यात पडला. गळ्यात पडला असंच म्हणायचं, कारण पुण्याचा संघ साखळीतच बाद झाला होता आणि परक्या दोन गावांच्या सामन्याला पानावर किती जागा द्यायची, यावर दुपारपासून डेस्कवर कुरकूर चालू होती.

मी तेव्हा एका मराठी दैनिकात फोटोग्राफर होतो. क्रीडा पानाचे प्रमुख म्हणाले, "गोलचे फोटो एजन्सीकडून येतीलच. तू मातेराझी आण. अख्खा सामना त्याच्यावरच राहा."

मातेराझी म्हणजे चेन्नईयिनचा इटालियन प्रशिक्षक. माझं तोंड उतरलं. फुटबॉलचा फोटो कसा काढतात ते सांगतो, म्हणजे का उतरलं ते कळेल. गोलपोस्टच्या मागे, जाहिरातीच्या बोर्डालगत बसायचं. मोनोपॉडवर तीनशेची लेन्स, बोट शटरवर आणि डोळा चेंडूवर. चेंडू जाईल तिकडे लेन्स. चेंडू गोलच्या तोंडाशी आला की बोट दाबून धरायचं आणि वीस-पंचवीस फ्रेममधली एक तरी बरी निघेल अशी आशा करायची. या सगळ्यात प्रशिक्षक कुठे असतो? ओरडणारा एक माणूस, हात वर केलेला. तो फोटो पाच मिनिटांत मिळतो. उरलेली पंच्याऐंशी मिनिटं मी काय करायचं?

पण मातेराझी हा विषय माझ्या आवडीचा होता. खरं तर त्याच्या फोटोंचा.

सकाळी घरी बसून त्याचे जुने फोटो परत बघून घेतले. माणूस कसा उभा राहतो, मान कुठे वळवतो, हे आधी ठाऊक असलेलं बरं असतं. पहिला अर्थातच १२ एप्रिल २००५ चा, सान सिरोवरचा. चॅम्पियन्स लीगची उपांत्यपूर्व फेरी, मिलान विरुद्ध इंटर. इंटरच्या प्रेक्षकांनी मैदानात पेटत्या नळकांड्या फेकल्या, एक मिलानच्या गोलरक्षकाला, दिदाला लागली, सामना थांबला आणि पुढे अर्धवटच सोडून द्यावा लागला. त्या लाल धुराकडे बघत दोन शत्रू शेजारी शेजारी उभे आहेत आणि इंटरच्या मातेराझीनं मिलानच्या रुई कोस्ताच्या खांद्यावर कोपर टेकवलंय. स्टँडवर पानाच्या टपरीशी उभं राहावं तसं. रॉयटर्सच्या स्तेफानो रेल्लांदिनीनं काढलेला हा फोटो मी कित्येक वर्षं कॉम्प्युटरच्या पडद्यावर लावून ठेवला होता. त्यात चेंडू नाही. खेळच बंद आहे.

दुसरा ९ जुलै २००६ चा, बर्लिनचा, इटली विरुद्ध फ्रान्स या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यातला. तो सगळ्यांनी बघितलाय. पण त्या अंतिम सामन्यात हा माणूस काय काय करून बसला, ते लोक विसरतात. सातव्या मिनिटाला मालूदाला पाडल्याबद्दल त्याच्याविरुद्ध पेनल्टी दिली गेली आणि फ्रान्सच्या झिदाननं गोल केला. एकोणिसाव्या मिनिटाला पिर्लोच्या कॉर्नरवर उडी मारून त्यानंच डोक्यानं बरोबरी साधली. एकशे दहाव्या मिनिटाला झिदानचं डोकं त्याच्या छातीत. आणि नंतर शूटआउटमध्ये इटलीची दुसरी पेनल्टीही यानंच जाळ्यात घातली. मुळात तो संघात पहिल्या पसंतीचा नव्हताच. चेक प्रजासत्ताकाविरुद्ध बचावपटू नेस्ता जखमी झाला, हा बदली म्हणून आत गेला आणि नऊ मिनिटांत गोल करून बसला. पुढच्या फेरीत ऑस्ट्रेलियाविरुद्ध लाल कार्ड खाल्लं, त्यामुळे युक्रेनविरुद्ध बाहेर. मग पुन्हा आत. इटलीकडून ४१ सामन्यांत त्याचे एकूण दोनच गोल, आणि दोन्ही त्या एका विश्वचषकातले.

धंद्यातला माणूस म्हणून त्या धडकेत मला वेगळीच गोष्ट दिसते. चेंडू तेव्हा दुसरीकडेच होता. पंच एलिझोंडोंनी ती बघितलीच नाही, त्यांना चौथ्या पंचाकडून कळलं. मैदानभर एवढे कॅमेरे, पण शहाणे फोटोग्राफर सगळे चेंडूमागे. ज्याच्या हाती ती फ्रेम लागली, तो त्या क्षणी आपल्या धंद्याच्या नियमाप्रमाणे वागत नव्हता.

तिसरा प्रसंग माद्रिदचा, मे २०१०. इंटरनं बायर्नला २-० हरवून चॅम्पियन्स लीग जिंकली. हा त्या सामन्यात अगदी शेवटी, नावाला आत आला होता. सामन्यानंतर स्टेडियमबाहेर इंटरचा प्रशिक्षक मोरिन्यो क्लब सोडून निघाला होता, गाडीत बसता बसता उतरला आणि भिंतीशी उभ्या मातेराझीला मिठी मारून रडला. दोघंही रडले. ते टीव्हीच्या कॅमेऱ्यानं टिपलं.

या तीन ठिकाणांच्या आधीचं मात्र फारसं कुणी टिपलेलं नाही. वडील ज्युसेप्पे स्वतः खेळाडू आणि प्रशिक्षक, तरी पोरगा विशीत मार्साला, त्रापानी, कार्पी असल्या खालच्या विभागातल्या क्लबांत धूळ खात होता. मग पेरुजा, एक वर्ष इंग्लंडात एव्हर्टन, पुन्हा पेरुजा. तिथे २०००-०१ च्या मोसमात सेरी आमध्ये, म्हणजे इटलीच्या अव्वल लीगमध्ये, १२ गोल. बचावपटूनं! त्यातल्या बऱ्याच पेनल्टी होत्या हे खरं, पण बचावपटूंच्या गोलांचा पासारेलाचा विक्रम मोडला तो मोडलाच. त्या गोलांमुळेच इंटरचं लक्ष गेलं असणार. बचावपटूसुद्धा गोल केल्याशिवाय दिसत नाही.

संध्याकाळी बालेवाडीला पोचलो. तिथे मैदानाभोवती धावपट्टी आहे, त्यामुळे प्रेक्षक लांब आणि आवाज विरळ. तरी निळ्या जर्सीतली बरीच पोरं दिसली, हिंजवडी-वाकडला नोकरी करणारी तमिळ मंडळी. घरी पाणी भरलेलं, आणि इथे गळ्यात ढोल. मी फोटोग्राफरचा बिनबाह्यांचा बिब घातला आणि गोलमागची जागा सोडून बेंचच्या बाजूच्या कोपऱ्यात तिरका बसलो. शेजारी बंदोबस्ताला एक हवालदार. लेन्स कुणाकडे आहे ते बघून म्हणाला, "कोण हो तो?"

मी सांगितलं.

"म्हंजे ते टकल्यानं डोकं हाणलं, ते ज्याला बसलं, तो?"

"तोच."

"मग हितं काय करतोय?"

प्रश्न रास्त होता. २०१४ मध्ये पहिल्या मोसमात तो चेन्नईचा खेळाडू आणि प्रशिक्षक असा दोन्ही होऊन आला होता, आणि ज्याच्या दुखापतीमुळे त्याचं नशीब उघडलं त्या नेस्तालाही त्यानं खेळायला बोलावून घेतलं होतं. त्याच वर्षी पुण्याच्या संघातून, याच मैदानावर, ब्रुनो सिरिलो खेळत होता. २००४ च्या फेब्रुवारीत सान सिरोवर मातेराझीनं ज्याचा ओठ फोडला आणि त्यापायी दोन महिन्यांची बंदी भोगली, तो हा सिरिलो. बालेवाडीत हे किती जणांना माहीत होतं कोण जाणे. आता २०१५ मध्ये मातेराझी फक्त प्रशिक्षक होता, वय बेचाळीस. मोसमाच्या मध्यावर त्याचा संघ तळाशी होता आणि तिथून सलग सामने जिंकत उपांत्य फेरीत आला होता.

सामना सुरू झाला आणि पंधराएक मिनिटांत मी वैतागलो. माणूस नुसता येरझाऱ्या घालतोय. मग हळूहळू लक्षात आलं की चेंडू डाव्या अंगाला असला की हा उजवीकडे बघतो. चेंडू कोलकात्याच्या अर्ध्यात गेला, बाकी सगळी बेंच माना उंच करून तिकडे, आणि हा आपल्याच बचावफळीकडे. तळहात खाली करून दाबल्यासारखा इशारा म्हणजे मागे राहा. दोन्ही हात छातीपासून पुढे ढकलले म्हणजे अख्खी ओळ वर काढा. बोटं एकमेकांजवळ आणली म्हणजे दोन सेंटर बॅकमधली, म्हणजे मधल्या बचावपटूंमधली, फट बुजवा. भाषेचा प्रश्नच नव्हता. तिथे ब्राझीलवाले, फ्रान्सचा मेंडी, मणिपूर-मिझोरामची पोरं आणि आपल्या मुंबईचा जयेश राणे असा गोतावळा, त्यात हा इटालियन. हातच बोलत होते.

मग मीही लेन्स थोडी मोकळी केली. सत्तर-दोनशेची झूम लेन्स काढली, म्हणजे चौकटीत एका बाजूला तो आणि दुसऱ्या बाजूला, लांबवर अंधुक, त्याची बचावफळी. आयएसओ वाढवावा लागला, फोटोला दाणे आले, येऊ देत.

३८ व्या मिनिटाला पाठीमागून आरडाओरडा झाला. ब्रुनो पेलिसारीचा गोल. मी वळलो नाही. बाकीचे फोटोग्राफर तिकडे शटर फोडत असणार हे कानांना कळत होतं आणि मान वळवायची किती इच्छा होते ते काय सांगू! माझ्या चौकटीत बदली खेळाडू बेंचवरून उसळून धावत गेले. त्यानं एकदा मूठ आवळली आणि पुढच्याच क्षणी मागे वळून बचावफळीला तळहात दाखवला: खाली, खाली. गोल झाल्यावर पोरं हुरळून वर सरकतात आणि मागे मैदान मोकळं पडतं. कधीकाळी त्या मोकळ्या मैदानात एकट्यानं धावावं लागलेला माणूसच त्या घडीला मागे बघणार.

ती फ्रेम मला मिळाली. त्याचा हात, आवळलेले ओठ, त्याच्यापलीकडे वेडीवाकडी नाचणारी निळी पाठ, आणि दूर डावीकडे चौघांची ओळ.

मध्यंतरानंतर ५७ व्या मिनिटाला जेजे आणि ६८ व्या मिनिटाला मेंडोझा. ३-० झाल्यावर हवालदारानंच बातमी दिली, "साहेब, तुमचं लक्ष कुठंय, तिसरा झाला." मेंडोझाच्या धावेपुढे कोलकात्याची दमछाक झाली होती म्हणे. त्या मोसमात तोच सर्वाधिक गोल करणारा ठरला. मी त्या दिवशी त्याला गोल करताना बघितलं नाही.

मीडिया रूममध्ये लॅपटॉप उघडून फोटो निवडताना शेजारचा मित्र डोकावला. त्याच्याकडे मेंडोझाचे एकाहून एक फोटो होते. माझ्याकडे एका उंच माणसाचे शेकडो हातवारे. निवडक पाठवून दिले. थोड्या वेळानं ऑफिसातून फोन. "अरे, हा गोल झाल्यावरचा ना? मग हा बघतोय कुठे?"

"बचावफळीकडे, सर."

"वाचकाला काय कळणार त्यातलं? हसताना नाही का एखादा?"

होता. सामना संपल्यावर खेळाडूंना कवटाळतानाचा. रविवारी तोच लागला, छान दिसत होता, लोकांनी कौतुक केलं. पानावर वरती एजन्सीचा मेंडोझा.

कोलकात्यातल्या परतीच्या सामन्यात चेन्नई २-१ अशी हरली, पण दोन्ही सामने मिळून एकूण ४-२ नं पुढे गेली. २० डिसेंबरला गोव्यात फातोर्ड्याला अंतिम सामना, समोर प्रशिक्षक झिकोचा गोवा. मी पुण्यातच, ऑफिसच्या टीव्हीसमोर. ८७ व्या मिनिटाला गोवा २-१ नं पुढे गेलं आणि डेस्कनं गोव्याच्या विजयाचं पान बांधून टाकलं, मथळ्यासकट. मग नव्वदीला गोव्याच्या गोलरक्षकाकडून स्वयंगोल आणि पाठोपाठ मेंडोझा. ३-२. ऑफिसात जी पळापळ झाली ती विचारू नका. पान फोडलं, मथळा बदलला, आणि चषकासोबतचा मातेराझी एजन्सीकडून यायला वेळ लागत होता, तेव्हा कुणीतरी ओरडलं, बालेवाडीचे काढा.

काढले. मूठ आणि तळहातवाला फोटो शेवटी छापून आला. एका कॉलमात, डावीकडची बचावफळी कापून, खाली 'संग्रहित' असं टाकून.