नुसती भातुकली खेळते, लिहायला कधी लागणार?

बालवाडी सुटताना दारात उभे असलेले पालक हे हमखास विचारतात. काळजी खरी असते. तुम्हीही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगते.

परवा वर्गात एकीने वडाचं पान झाकणावर टाकलं, परतलं आणि "अगं, करपली!" म्हणत बोटांवर फुंकर घातली. पान थंड आहे हे तिला पक्कं ठाऊक होतं. कुणी ते खरंच खायला लागलं असतं, तर तिनेच आधी हात धरला असता. डोळ्यांसमोर पान, मनात पोळी, आणि दोन्हींचा घोळ नाही! चार वर्षांच्या डोक्याला हे केवढं मोठं काम आहे. काठीचा घोडा करणारं मूल वस्तूपासून तिचा अर्थ सुटा करायला शिकतं, असं रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह व्हिगॉट्स्की यांनी १९३३ साली मांडलं. अक्षर म्हणजे तरी काय? कागदावरच्या रेघांना आवाज मानायचा. हे मानणं मुलं भातुकलीतच गिरवत असतात, म्हणून मी ती थांबवत नाही.

मग महागडी खेळणी आणावीत का? माझं मत, नकोत. बटण दाबलं की शिट्टी देणारा कुकर वर्गात आला होता. मुलं बटण दाबायची, शिट्टी ऐकायची, संपलं. उपड्या वाटीचा कुकर झाला की शिट्टी एकीला तोंडाने द्यावी लागते, दुसरीला गॅस बारीक करावा लागतो, वरणाला फोडणी कुणी घालायची यावर भांडण होतं, ते मिटवावंही लागतं.

आपल्याकडे हे नवं नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डी गावात बालवाडीचं काम सुरू केलं, तेव्हा शंख-शिंपले, बिया, पानं हीच साधनं होती.

घरी एवढंच करा: जुनी ओढणी, वाट्या, रिकामे खोके हाताशी ठेवा. बोलावलं तर जेवायला बसा, मीठ कमी पडलंय म्हणून सांगा, पण स्वयंपाक तिलाच करू द्या. घरात तीन वर्षांच्या आतलं भावंड असेल तर चिंचोके, मणी मात्र काढून ठेवा. ते पटकन तोंडात जातात.